खजिना आठ तासांत सापडला

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादकांनी कळविले तेव्हा त्यांच्या मनात पानिपत असेल, फार तर पेशवाईतले एखादे लग्नकार्य असेल. मी मात्र वाचकांना अशा एका गावी नेणार आहे, की ज्याची धूळ आजवर कोणाच्या पायाला लागली नाही. १९८६ साली ते अमेरिकेत वसले आणि १९८८ साली मोडले. गावाचे नाव हॅबिटॅट.

‘स्टार वॉर्स’ चित्रपट काढणाऱ्या ल्यूकासफिल्म कंपनीतल्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर या दोघा गृहस्थांचा या गावाच्या उभारणीत मोठा हात होता. कमोडोर ६४ नावाचे एक घरगुती संगणकयंत्र त्या काळी अमेरिकेत घरोघर होते. ते दूरचित्रवाणीच्या पेटीला जोडायचे, टेलिफोनच्या तारेवरून क्वांटम लिंक या कंपनीच्या मोठ्या यंत्राशी संधान बांधायचे, की झाला गावात प्रवेश. तार अशी मंद, की सेकंदाला तीसेक अक्षरे जेमतेम सरकत. तरीही त्या तारेवर सुमारे वीस हजार जागा मांडल्या होत्या. रस्ते, घरे, दुकाने, रान. प्रत्येक रहिवाशाचे एक चित्रातले शरीर असे. ते चाले, वस्तू उचले, आणि बोलले की त्याचे शब्द डोक्यावर उमटत. त्या शरीराला त्यांनी नाव दिले ‘अवतार’! आपल्या दशावतारांतला शब्द साता समुद्रापलीकडे असा कामी यावा, याची मला मोठी गंमत वाटली.

आता गाव म्हटले की उत्सव आला, आणि उत्सव म्हटला की तो करणारे चार वेडे आले. मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी ठरविले, की रहिवाशांसाठी खजिन्याचा एक मोठा शोध मांडायचा. बेताला ‘डनाल्सी बेटाची मोहीम’ असे नाव दिले. बेट या अर्थाचा इंग्रजी शब्द उलटा वाचला, की डनाल्सी होते. आराखडा काढायला तास लागले, शंभर जागांचे बेट बांधायला आठवडे लागले, आणि त्यात सोंगे घेणाऱ्या माणसांची जुळवाजुळव करण्यात दिवस गेले. लोक पुढचे कित्येक दिवस यात गुंग होऊन जातील, असा त्यांचा हिशेब होता.

प्रत्यक्षात कोडे सुटले आठ तासांत. एका इसमाने कळीची खूण पहिल्या पंधरा मिनिटांतच ओळखली होती. बाकीच्यांपैकी पुष्कळांना त्या आठ तासांत गावात पाऊल टाकायलाही सवड मिळाली नव्हती.

ही हकिकत त्या दोघांनी स्वतःच पुढे एका निबंधात लिहून ठेवली. १९९० साली ऑस्टिन येथे भरलेल्या परिषदेत तो वाचला गेला. माझे इंग्रजी बेताचे. मॅट्रिकच्या पुढे आमची गाडी गेली नाही. पण कोश उशाशी घेऊन मी तो निबंध दोनदा वाचला. कादंबरीकार म्हणून मला त्या दोघांची फजिती चांगलीच कळली. तीनशे पानांत दडविलेले रहस्य पहिल्या प्रकरणात ओळखणारा वाचक मलाही भेटलेला आहे. मनाला लागली ती गोष्ट निराळीच. त्या आठ तासांत जे आले नाहीत, ते कोठे होते?

सोंग चित्रातले असले तरी सोंग घेणाऱ्याला पोट असते. कोणी नोकरीवर असेल, कोणी मूल निजवीत असेल. शिवाय गावात काढलेल्या वेळेचे पैसे मिनिटावर पडत. तेव्हा घड्याळाकडे पाहूनच यायचे आणि घड्याळाकडे पाहूनच निघायचे.

त्या गावात एक देऊळही झाले होते, म्हणजे त्यांचे चर्च. प्रत्यक्षात ग्रीक पंथाचे धर्मगुरू असलेल्या एका गृहस्थाने ते स्थापिले आणि पंथाला मोठे विनोदी नाव दिले, ‘पवित्र अक्रोडाचा संघ’. नियम मात्र विनोदी नव्हते. शस्त्र बाळगायचे नाही, चोरी करायची नाही, हाणामारी करायची नाही. गावात चोऱ्या आणि खून सर्रास होत असल्यामुळे या पंथाकडे बरेच लोक वळले. आता हे धर्मगुरू काही अष्टौप्रहर तारेवर बसणार नव्हते. त्यांना स्वतःचा संसार आणि खरे चर्च होते. त्यांनी वेदी फुलांनी सजवावी, आणि त्यांची पाठ वळली की कोणीतरी ती फुले चोरून विकून टाकावी! अखेर चालकांनी चर्चच्या दाराला कुलूप घालून दिले. देवाच्या दाराला कुलूप काही आमच्याकडेही नवे नाही.

आणखी एका इसमाने गावाचे वर्तमानपत्र चालविले. त्यापायी आठवड्याला वीस ते चाळीस तास तो खर्ची घालीत असे. त्याच्या घरचे त्याला काय म्हणत असतील, हे निबंधात नाही. पण माझ्या घरचे मला काय म्हणतात ते मला पाठ आहे.

रहिवाशांचे प्रकारही फार्मर यांनी सांगितले आहेत. बहुसंख्य लोक स्वस्थ बसणारे. त्यांना हाताला धरून कार्यक्रमाला न्यावे लागे. थोडे हौशी. आणि मूठभर असे, की जे मेजवान्या देत, संस्था काढीत, निवडणुका लढवीत, वादही उकरून काढीत. गावाचे खरे नायक ते हेच. पुढे गाव मोडले, त्याची लहान आवृत्ती ‘क्लब कॅरिबे’ नावाने निघाली, १९९० साली जपानात फुजित्सू कंपनीने आपली निराळी वसविली, आणि २०१६ साली मूळ गावाची सारी यंत्रलिपी लोकांसाठी खुली झाली. पण मी अजून त्या आठ तासांपाशीच अडलो आहे. त्याला कारण आहे.

गेल्या साली आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मीही खजिन्याचा शोध मांडला होता. पंधरा रात्री जागून चिठ्ठ्या लिहिल्या. एक घंटेच्या मागे, एक हौदापाशी, शेवटची चिंचेच्या ढोलीत. दिवसभर पुरेल असा बेत. सातवीतल्या एका चुणचुणीत पोराने चिठ्ठ्यांकडे फारसे पाहिलेच नाही. गुरुजींची नजर घडीघडी कोठे जाते तेवढे पाहिले आणि तासाभरात ढोलीतला पेढ्यांचा पुडा काढून आणला. टाळ्या झाल्या, पाठ थोपटली गेली. डेअरीवर दूध घालून येणारी मुले त्यानंतर आली. टँकर आला म्हणून पाण्याला गेलेल्या सहावीतल्या मुली त्याहून उशिरा.

त्यांतली एक माझ्यापाशी येऊन म्हणाली, “गुरुजी, पहिली चिठ्ठी तरी वाचू द्या.”

मी ती खिशातून काढून दिली. तिने भिंतीला टेकून सावकाश वाचली, मनाशी काही जुळविले आणि घंटेकडे गेली. घंटेकडून हौदाकडे. मला वाटले, तेथे कंटाळेल. पेढे केव्हाच वाटून झाले होते, हे तिला ठाऊक होते. थोड्या वेळाने पाहतो तो ती चिंचेखाली टाचा उंचावून उभी, आणि तिचा हात कोपरापर्यंत ढोलीत.