आनंदवन : कुष्ठरुग्णसेवेची धुरा

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या उपचारांची धुरा प्रथम ज्यांनी वाहिली, ते मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४-२००८) डॉक्टर नव्हते, पेशाने वकील होते. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. औषधाने रोग हटतो. पण गावाने टाकलेल्या माणसाला गाव परत घेत नाही, हे बाबांनी ओळखले होते. त्यामुळे दवाखान्याच्या जोडीला शेती आणि हातमाग आले. रुग्ण स्वतःच्या श्रमावर जगू लागले. पुढे ही जबाबदारी त्यांचे पुत्र डॉ. विकास आमटे यांनी सांभाळली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आता सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र त्यानंतरही नवे रुग्ण आढळत राहिले. सुरुवातीचा बधिर चट्टा दुखत नाही, खाजत नाही. साहजिकच रुग्ण उशिरा येतो. तोवर मज्जातंतूंची झालेली हानी बहुधा भरून निघत नाही.