तारा तुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. रमजानचा चाँद झाला होता, घराघरांत पहिल्या तरावीहची तयारी चालू होती. तेवढ्यात विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत आगीचे लोळ आडवे जाताना दिसले. तारा तुटला म्हणून व्हिडिओ फिरले. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी कडी सापडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

खरी उल्का अशी रेंगाळत नाही. सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने ती हवेत घुसते आणि साधारण १०० किलोमीटर उंचीवर क्षणात विझते. बहुतेक वेळा तो वाळूच्या कणाएवढा खडा असतो. तारा जागचा हलतसुद्धा नाही.

मोठा दगड पूर्ण जळला नाही आणि जमिनीवर पोचला, तर त्याला अशनी म्हणतात. बुलढाण्यातलं लोणार सरोवर अशाच आघाताने झालं. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. सौदी अरेबियाच्या रुब अल-खाली वाळवंटात वाबर इथेही अशी विवरं आहेत. १९३२ साली फिल्बी हा इंग्रज प्रवासी एका हरवलेल्या शहराच्या शोधात तिथे गेला. शहर मिळालं नाही, विवरं मिळाली!

कुरआनात सूरह साफ्फात आणि सूरह मुल्कमध्ये अशा ज्वालांचा उल्लेख येतो, तो शैतानांना हाकलण्याच्या संदर्भात. तारा तुटला की कुणी थोर माणूस जन्मला किंवा वारला, ही समजूत जाहिलियतच्या काळातली. कुणाच्या जन्ममृत्यूसाठी तारे पडत नाहीत, असं प्रेषितांनी (स.) सहाबांना सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तरीही तारा तुटताना मन्नत मागायची किंवा अपशकुन मानायचा प्रकार आपल्याकडे अजून चालतोच, याचं आम्हाला नवल वाटतं.

आसमानी दगड म्हणून कुणी काही विकायला आलं तर सावध राहा. अशनीवर काळी, पातळ, जळकी साल असते, वजन आकाराच्या मानाने जास्त भरतं आणि बहुतेकदा लोहचुंबक चिकटतं. पण ही लक्षणं इतर दगडांतही सापडतात, तेव्हा खात्री प्रयोगशाळेतच होते. असा दगड मिळाल्यास तहसील कार्यालयाला कळवा. देशातल्या अशनींचा संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो.

मुलांना उल्का दाखवायच्या असतील तर ऑगस्टपेक्षा डिसेंबर बरा, कारण ऑगस्टात आपल्याकडे ढग. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का येताना दिसतात; ती फेथॉन नावाच्या लघुग्रहाची धूळ. दुर्बीण लागत नाही. गावाबाहेर अंधारात चटई टाकायची, मोबाइल बंद करायचा आणि डोळे सरावायला वीसेक मिनिटं द्यायची.