बोद्रुम : मेहाने आणि संध्याजीवन

बोद्रुम : तुर्कस्तानच्या मूला प्रांतातील एजियन किनाऱ्यावरचे शहर. प्राचीन हॅलिकार्नासस ते हेच. इतिहासकार हिरोडोटसचे जन्मगाव. १९२५ मध्ये लेखक जेवात शाकिर यांना शिक्षा म्हणून येथे पाठवण्यात आले, तेव्हा हे स्पंज काढणाऱ्यांचे आणि कोळ्यांचे आडगाव होते. शिक्षा संपल्यावर ते आपणहून परतले आणि ‘हॅलिकार्नाससचा कोळी’ या नावाने लिहीत राहिले. पुढे पर्यटक आले, त्यांच्यामागून रात्रीची वर्दळ आली.

संध्याकाळचे खरे ठिकाण म्हणजे मेहाने. ‘मय’ म्हणजे मद्य आणि ‘खाना’ म्हणजे घर, हे त्यातले मूळ फारसी शब्द. आपल्या दवाखान्यातला ‘खाना’ तोच. वेटर छोट्या बश्यांनी भरलेले मोठे तबक टेबलाशी आणतो आणि गिऱ्हाईक बोटाने दाखवून पदार्थ निवडते. हे मेझे. हा शब्द आणि मराठीतली ‘मजा’ एकाच फारसी मुळाचे, आणि अर्थही फारसा लांब गेलेला नाही. लसूण व पुदिना घातलेल्या चक्क्याची हायदारी, भाताचे सारण भरलेली भोपळ्याची फुले, पांढऱ्या चीजसोबत खरबूज असे बरेच काही त्यात असते. ‘देनिझ ब्योर्युल्जेसी’चा शब्दशः अर्थ समुद्री चवळी, प्रत्यक्षात ही खाऱ्या दलदलीतली रसाळ वनस्पती. ती उकडून, आतली काडी ओढून काढून, ऑलिव्ह तेल, लिंबू व लसूण लावून देतात. ही बशी चुकवू नये.

सोबत राकी. उंच, अरुंद पेल्यात आधी राकी, मग पाणी, शेवटी बर्फ. पाणी पडताच नितळ मद्य दुधासारखे पांढरे होते, कारण अल्कोहोलात विरघळलेले अनिसबियांचे तेल पाण्यात सुटे होते. म्हणून याला ‘सिंहाचे दूध’ म्हणतात. राकी घोटाघोटाने, गप्पांच्या चालीने प्यायची असते. घाईने पेला रिकामा करणारा तिथे अडाणी ठरतो. गार मेझेंनंतर गरम, त्यानंतर मासा, असे टेबल तीन-चार तास चालते. मासा बहुधा चिपुरा किंवा लेवरेक. मांसाहारात चोकेर्तमे कबाब इथला खास : बारीक चिरून तळलेल्या बटाट्यांवर लसणीचे दही आणि वासराच्या मांसाच्या पट्ट्या.

जुम्हुरियेत रस्त्यावरची बारांची गल्ली उशिरा जागी होते; तिथे गाण्यांचा आवाज फार, खाण्याला अर्थ कमी. त्यापेक्षा रस्त्यावरचा शिंपलेवाला बरा. भाताने भरलेला शिंपला उघडून तो वर लिंबू पिळतो. वरच्याच शिंपीचा चमचा करून घास घ्यायचा. ‘पुरे’ म्हणेपर्यंत तो देत राहतो आणि शेवटी रिकाम्या शिंपल्या मोजून पैसे घेतो.

शांत जेवणासाठी द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाचे ग्युम्युशल्युक गाव आहे, प्राचीन मिंडोसच्या जागी. तिथली टेबले थेट पाण्याच्या कडेला मांडलेली असतात. माशाचा भाव बहुधा किलोवर असतो. मासा निखाऱ्यावर जाण्याआधी वजन आणि दर विचारून घ्यावा.