पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं? गर्भपिशवीच्या कॅन्सरचा धोका कोणाला, जाणून घ्या

परभणी : पाळी बंद होऊन वर्ष-दोन वर्षे झाली अन् अचानक कपड्याला रक्ताचा डाग दिसला, तर बऱ्याच बाया "उष्णता झाली असंल" म्हणून गप्प बसतात. पण गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचे हेच पहिले लक्षण असू शकते. घाबरून जायचे कारण नाही. अशा दहापैकी साधारण नऊ जणींत कारण दुसरेच निघते. तरी एक डाग दिसला तरी तपासणी करावीच.

धोका कोणाला जास्त?

• वय पन्नाशीच्या पुढे, पाळी गेलेली
• वजन जास्त. अंगातल्या चरबीतून इस्ट्रोजेन हार्मोन तयार होते, त्याने अस्तर जाड होत जाते
• शुगर, बीपीचा त्रास
• पाळी बाराव्या वर्षाआधी सुरू झाली किंवा पंचावन्ननंतर गेली
• मूलबाळ न झालेल्या
• पीसीओएसमुळे पाळी महिनोन् महिने न येणे
• स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन गोळी चालू असणे (गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे)
• आई, बहिणीला गर्भपिशवीचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर

यातले एखादे कारण असले म्हणजे कॅन्सर होतोच असे नाही.

पिशवी काढायची घाई नको

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केल्याच्या तक्रारी होत्या. आपल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

नुसते पांढरे जाणे किंवा कंबर दुखणे यावरून कॅन्सर ठरत नाही. आधी सोनोग्राफी होते. अस्तर जाड दिसले तर त्याचा छोटा तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. त्या रिपोर्टशिवाय कोणी "कॅन्सर होईल, पिशवी काढा" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कुठे जायचे?

गावातल्या आशाताईंना सांगा. जवळचे ग्रामीण रुग्णालय किंवा परभणीचे स्त्री रुग्णालय गाठा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा.

हा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून लाजून अंगावर काढू नका.