एकसष्टचं कोडं आणि पाटणचा शिलालेख

मंडळी, यावलला सातपुडा उशाशी आहे. आजची गोष्ट मात्र आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, चाळीसगावजवळच्या पाटणची आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, गणिताचा नव्हे. तरी एक संख्या माझ्या डोक्यातून जात नाही: 22,61,53,980. हिचा वर्ग करा, त्याला 61 ने गुणा आणि 1 मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्गच येतं, 1,76,63,19,049 चा. शून्य सोडलं तर याहून लहान पूर्ण संख्येला हे जमत नाही.

आता गंमत बघा. 61 ऐवजी 60 घेतले तर 4 पुरतात: 961, म्हणजे 31 चा वर्ग. 62 घेतले तर 8 पुरतात: 3969, म्हणजे 63 चा वर्ग. आणि मधल्या 61 ला बावीस कोटींच्या पुढे जावं लागतं! मिनिटाला एक संख्या तपासत रात्रंदिवस बसलं, तरी सुमारे 430 वर्षं लागतील.

भास्कराचार्यांनी हे उदाहरण 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘बीजगणिता’त सोडवलं. पद्धतीचं नाव चक्रवाल. 8 चा वर्ग 61 पेक्षा 3 ने जास्त, इथून आरंभ. पुढच्याच फेरीत 39 चा वर्ग 1521 येतो, तो 61 गुणिले 25 पेक्षा फक्त 4 ने कमी. तिथून ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन उत्तरांतून तिसरं घडवण्याची रीत, वापरली की थोड्या पायऱ्यांत मुक्काम गाठता येतो.

1657 मध्ये फर्मानं युरोपातल्या गणितज्ञांना याच जातीचं आव्हान दिलं, त्यातही 61 होतेच. ब्राउंकरनं रीत काढली, पण ऑयलरच्या चुकीनं नाव पडलं पेलचं. उत्तर नेहमी मिळतंच, हे लाग्रांजनं अठराव्या शतकात सिद्ध केलं.

इथं आपली छाती फुगते. फुगू द्या, पण जपून. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधी जयदेवाला ठाऊक होती. 1073 च्या एका टीकेत त्याचे श्लोक आहेत. आणि ती नेहमी यशस्वी का होते, याची सिद्धता ‘बीजगणिता’त नाही. पेलच्या नावाची तक्रार करताना आपणच जयदेवाला विसरलो, तर वेगळं काय केलं?

पाटणचा शिलालेख या बाबतीत प्रामाणिक आहे. 1207 च्या सुमाराचा हा लेख भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे: पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला.

म्हणजे बाजारातला तेली, वाणी, गिऱ्हाईक या साऱ्यांच्या पैशावर ते गणित शिकवलं जात होतं. त्यांतल्या किती जणांना एकसष्टचं कोडं कळलं असेल? तरी विद्येचा खर्च पेठेनं उचलला.

मठ आज नाही. अभिमान आपण फुकट बाळगतो. पेठेनं मात्र पैसे मोजले होते. एवढाच फरक घरी घेऊन जा.