वार्नी आणि त्याचे वाचक: वाईट लिहिलेल्या भयकादंबऱ्यांविषयी

मित्रहो, आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर निवृत्तीनंतर बिघडला. वाटू द्या. रक्तपिपासू राक्षसांच्या, घाईघाईत खरडलेल्या कादंबऱ्या माणसं निदान पावणेदोनशे वर्षं वाचत आली आहेत, आणि पुष्कळजण त्या लपवून वाचतात. भाषा ओबडधोबड आहे हे दिसत असतं, पात्रं पुठ्ठ्याची आहेत हे कळत असतं, आणि तरी रात्री एक वाजता पुढचं पान उलटलं जातं. हे का होतं? आणि त्याची लाज का वाटते? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, पण आपण ते नेहमी एकात एक मिसळतो.

लाजेचं एक फार जुनं चित्र प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात आहे. लिऑन्टिअस नावाचा गृहस्थ पिरिअस बंदराकडून अथेन्सकडे येत असतो. तटाच्या बाहेर जल्लादापाशी प्रेतं पडलेली असतात. त्याला पाहावंसंही वाटतं आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, आणि शेवटी डोळे फाडून तिकडे धावत जातो. जाताना शिव्या कोणाला देतो? स्वतःच्याच डोळ्यांना! प्लेटोला यातून आत्म्याचे भाग कसे वेगळे आहेत हे दाखवायचं होतं, तो त्याचा उद्योग. पण इथली प्रेतं खरी आहेत, हे आपण लक्षात ठेवू.

पुढे अ‍ॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त म्हटलं की प्रत्यक्षात पाहवणार नाहीत अशा गोष्टींची, म्हणजे हिंस्र श्वापदांची किंवा प्रेतांची, हुबेहूब प्रतिमा पाहताना आपल्याला आनंद होतो, कारण त्यात ओळखण्याचा आणि शिकण्याचा आनंद असतो. ह्यूमने १७५७ साली शोकांतिकेवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, शब्दकळेच्या सामर्थ्याने दुःखाचं रूपांतर सुखात होतं. दोन्ही उत्तरं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. चांगली उत्तरं आहेत. पण बघा, एकाला 'हुबेहूब' लागतं, दुसऱ्याला 'शब्दकळा' लागते. दोघेही कृती चांगली आहे असं गृहीत धरतात. मग जिथे प्रतिमा वेडीवाकडी आहे आणि शब्दकळेचा पत्ताच नाही, तिथे माणूस का खिळून राहतो? इथे दोघांचीही पंचाईत होते.

म्हणून एक खरोखर वाईट लिहिलेलं पुस्तक घेऊ. १८४५ साली लंडनमध्ये एडवर्ड लॉइड या प्रकाशकाने 'वार्नी द व्हँपायर' ही कादंबरी सुरू केली. दर आठवड्याला काही पानं, सोबत लाकडी ठशाचं भडक चित्र, किंमत एक पेनी. त्याच काळात डिकन्सच्या कादंबरीचा महिन्याचा भाग एक शिलिंगला, म्हणजे बारा पेनींना मिळे. दोन वर्षं हा प्रकार चालला. दोनशेच्या वर प्रकरणं, दोन रकान्यांत छापलेली जवळजवळ नऊशे पानं, सहा लाखांहून जास्त शब्द. लेखकाचं नाव पुस्तकावर नव्हतं. बरीच वर्षं ते थॉमस प्रेस्टच्या नावावर जमा होतं, आता जेम्स माल्कम रायमर हाच कर्ता मानला जातो. गंमत म्हणजे याच रायमरने १८४२ मध्ये लोकप्रिय लेखनावर एक लेख लिहून वाचकांची गणना जवळजवळ जनावरांत केली होती. तीन वर्षांनी तो त्याच वाचकांसाठी आठवड्यामागून आठवडा राबत होता.

कादंबरीची सुरुवात मात्र झकास आहे. गारांचं वादळ, जुना वाडा, झोपलेली मुलगी, खिडकीच्या काचेवर नखांचा आवाज. नंतर सगळा गोंधळ. काळ अठराव्या शतकाचा पूर्वार्ध आहे म्हणावं, तर मध्येच नेपोलियनच्या युद्धांचे उल्लेख येतात. वार्नी खरा पिशाच्च आहे की त्या घरात दडवलेल्या पैशांवर डोळा ठेवून सोंग करणारा लबाड, हे शेकडो पानं ठरत नाही. एकदा कळतं की तो फासावर गेलेला गुन्हेगार असून एका डॉक्टरने त्याला विजेच्या प्रयोगाने जिवंत केलं. खूप पुढे कळतं की नाही, तो क्रॉमवेलच्या काळातला माणूस, रागाच्या भरात स्वतःच्या मुलाला मारलं म्हणून शापित झालेला. मेला की चांदणं अंगावर पडताच पुन्हा उठतो. मजकूर लांबवला की पैसे जास्त, तेव्हा संवाद असे की एकजण 'काय?' म्हणतो, दुसरा 'हो' म्हणतो, आणि रकाना भरतो. आपल्याकडच्या मालिकांत प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा जातो ना, तसंच.

आता माझा मुद्दा. हा वाईटपणा आणि ही पकड एकमेकांच्या विरोधात नाहीत. नोएल कॅरल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९० साली भयकथेवर एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राक्षस म्हणजे आपल्या वर्गवारीत न बसणारी वस्तू. मेलेला आणि जिवंत, माणूस आणि जनावर, दोन्ही एकदम. त्याची किळस येते ती त्यामुळेच, आणि हे आहे तरी काय, ही उत्सुकताही त्यामुळेच. या उत्तराला शब्दकळा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मी त्यात एवढंच घालीन की कसबी लेखक राक्षसाचा निकाल लावतो. तो कशाचं तरी प्रतीक होतो, आणि एकदा प्रतीक झाला की निम्मा माणसाळतो. रायमरला पुढच्या आठवड्यात काय लिहायचं हेच बहुधा ठाऊक नसे. त्यामुळे 'हे आहे तरी काय' हा प्रश्न दोन वर्षं उघडा राहिला, लेखकालाही आणि वाचकालाही. शेवटी बिचारा वार्नी स्वतःच कंटाळून व्हेसुव्हियसच्या मुखात उडी टाकतो. जगण्याला विटलेला पिशाच्च ही कल्पना, गळ्यावरच्या दातांच्या दोन खुणा, हे सगळं या पुस्तकात 'ड्रॅक्युला'च्या (१८९७) पन्नास वर्षं आधी आलेलं आहे.

आकर्षणाचं झालं. लाजेचं काय? लिऑन्टिअस एकटा होता, त्याची लाज पाहण्याची होती. लंडनमधली लाज वेगळी होती, ती कोणाबरोबर दिसलो याची होती. थॉमस फ्रॉस्ट या चार्टिस्ट लेखकाने आपल्या आठवणींत लिहिलंय की लॉइडच्या कचेरीत हस्तलिखिताबद्दल शंका आली, तर ते घरच्या मोलकरणीला किंवा छापखान्यातल्या पोऱ्याला वाचायला देत. त्यांना आवडलं की छापायचं. मला यात बाजारूपणा दिसतो, आणि आदरही दिसतो. मोलकरणीचं मत विचारणारा दुसरा प्रकाशक तेव्हा कोण होता? हेन्री मेह्यूने हातगाडीवर भाजी-फळं विकणाऱ्यांचं वर्णन केलंय: एक साक्षर माणूस जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या गोष्टी मोठ्याने वाचतोय, बाकीचे भोवती बसून ऐकताहेत आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारताहेत. आपल्याकडे पोथी वाचतात तसं. सक्तीच्या शिक्षणाच्या कितीतरी आधी हा वर्ग असा वाचू लागला होता. वरच्या वर्गाला राक्षसापेक्षा या घोळक्याचीच धास्ती जास्त होती.

हा रेनॉल्ड्स वार्नीच्याच सुमारास 'वॅग्नर' नावाच्या लांडगामाणसाची कादंबरी चालवत होता, आणि चार्टिस्ट चळवळीत भाषणंही ठोकत होता. इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासाने त्याला दाराबाहेर ठेवलं, हिंदुस्थानात मात्र तो अमाप वाचला गेला. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) ही रेनॉल्ड्सच्याच आधाराने लिहिलेली. म्हणजे मराठीतल्या गंभीर सामाजिक कादंबरीच्या पायातला एक दगड या पेनी-बाजारातून आलेला आहे! पुढे बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथांचा डोंगर उभा केला, तेव्हा आपणही तीच नाकं मुरडली. (नारायण धारपांना मी या रांगेत बसवत नाही. त्यांची मराठी स्वच्छ आहे.)

लाज नुसती लाज राहिली असती तर हरकत नव्हती. तिचा पुरावा कसा होतो ते पाहा. १८९५ च्या जुलैमध्ये पूर्व लंडनमधल्या प्लेस्टो भागात रॉबर्ट कूम्ब्स या तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईचा खून केला. घरात पेनी-कादंबऱ्यांचा ढीग सापडला. वर्तमानपत्रांना कारण मिळालं, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्यूरीनेही अशा वाङ्मयाचा बंदोबस्त करा असं सरकारला सुचवलं. याच गोष्टी वाचणारी आणि कोणालाही न मारणारी हजारो मुलं कोणाला आठवली नाहीत. चेस्टरटनने काही वर्षांनी या पुस्तकांची बाजू घेणारा एक खुसखुशीत निबंध लिहिला, तोवर बोभाटा होऊन गेला होता. कूम्ब्सला वेडाच्या भरात कृत्य केल्याचा निकाल देऊन ब्रॉडमूरला पाठवलं. १९१२ मध्ये तो सुटला, ऑस्ट्रेलियाला गेला, आणि गॅलिपोलीच्या आघाडीवर जखमींचे स्ट्रेचर वाहण्याचं काम केलं. त्याला मिलिटरी मेडल मिळालं. याचं श्रेय कोणी पेनी-कादंबऱ्यांना दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

'वार्नी'च्या मूळ छपाईच्या प्रती आज अत्यंत दुर्मीळ आहेत. स्वस्त कागद, आणि हातोहात फिरून वाचलेला. मजकूर मात्र इंटरनेटवर फुकट मिळतो. पहिली पाच-सहा प्रकरणं नक्की वाचा. मधली शंभर गाळलीत तरी फारसं बिघडणार नाही, रायमरलाही ती नीट आठवत नसावीत. आता प्रश्न असतील तर घेऊ.