दिल्लीच्या चांदनी चौकात दिवसा गाड्यांना बंदी का आहे?

चांदणी चौक म्हटलं की पुणेकरांना उड्डाणपूल आठवतो. दिल्लीतला चांदनी चौक मात्र पावणेचारशे वर्षं जुना बाजार आहे. लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला. असं नेमकं का करावं लागलं आणि त्यातून काय साधलं?

हा रस्ता कोणी वसवला?

१६५० च्या सुमारास शाहजहानची मुलगी जहांआरा हिने हा बाजार वसवला. मधोमध पाण्याचा कालवा होता आणि चौकात एक तलाव. त्यात चंद्राचं प्रतिबिंब पडायचं, म्हणून चांदनी चौक, असं सांगितलं जातं.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी चित्र बदललं. जहांआराची सराय पाडून तिथे टाउन हॉल बांधला, तलावाच्या जागी घंटाघर आलं. कालवाही नाहीसा झाला. १९०८ ते १९६३ या काळात दिल्लीत ट्राम होती, तीही या रस्त्यावरून धावायची.

मग बिघडलं कुठे?

गिऱ्हाईक कधीच कमी झालं नाही. उलट, गर्दी वाढत गेली. दरिबा कलानमध्ये दागिने, किनारी बाजारात लग्नाचं सामान, खारी बावलीत मसाले, भागीरथ पॅलेसमध्ये विजेचं साहित्य. यातला बराच धंदा घाऊक. त्यामुळे कार, दुचाकी, सायकल रिक्षा, हातगाड्या आणि हमाल एकाच रस्त्यावर. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं, खाली चालायला जागा नाही. जैन मंदिर, गौरीशंकर मंदिर, गुरुद्वारा सीसगंज, चर्च आणि मशीद एकाच रस्त्यावर असूनही मान वर करून पाहायची सोय नव्हती.

नेमकं काय बदललं?

डिसेंबर २०१८ मध्ये काम सुरू झालं आणि १२ सप्टेंबर २०२१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

• लाल दगडाचे रुंद पदपथ आणि बसायला बाक
• तारा जमिनीखाली
• ट्रान्सफॉर्मर आणि स्वच्छतागृहं रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात
• सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांना बंदी. सायकल रिक्षांना परवानगी
• मालाची चढउतार रात्री

हे शक्य झालं त्यामागे मेट्रोचा मोठा वाटा आहे. चांदनी चौक स्थानक २००५ मध्ये, तर लाल किला स्थानक २०१७ मध्ये सुरू झालं. गाडी घरी ठेवून बाजारात पोहोचायचा मार्ग आधीच तयार होता.

सगळे खूश आहेत का?

नाही. लग्नाची खरेदी करणारं कुटुंब गाडी दुकानाच्या दारात उभी करायचं, ते बंद झालं. माल रात्रीच येणार म्हणजे हमालांचं कामही रात्रीवर गेलं. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांना इथे परवानगी नाही. कारवाई झाली की ते उठतात आणि काही दिवसांत परत बसतात, कारण पोट याच गर्दीवर आहे.

नियम मोडणाऱ्या दुचाकी, तुटलेले खांब आणि अतिक्रमणाच्या तक्रारीही उद्घाटनानंतर लवकरच सुरू झाल्या. यामागचं एक कारण साधं आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, साफसफाई महापालिकेची, गाड्या अडवणं पोलिसांचं. एकाने हात आखडता घेतला की बाकीच्या दोघांची मेहनत वाया जाते.

आपल्यासाठी यात काय आहे?

पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांसाठी बंद असतो. लोक निवांत फिरतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी हॉर्न पुन्हा सुरू होतात. रस्ता एक दिवस बंद ठेवायला बॅरिकेड पुरतात. रोज बंद ठेवायचा तर आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: लोक येणार कसे, माल उतरणार कधी आणि पथारीवाले बसणार कुठे. चांदनी चौकाने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी शोधली. तिसरा प्रश्न आजही त्याच पदपथावर बसलेला आहे.